कोयीखालची माती : लेखांक सहावा

आंबा, फणस, कोकम, जांभूळ यांची बीजे धान्याप्रमाणे वाळवून कणगीत साठविता येत नाहीत, फळातून बाहेर पडल्यावर थोड्याच आठवड्यांत त्यांची जीवनशक्ती ओसरते, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. अशी ताजी कोय ज्या मिश्रणात पुरावयाची, त्याचा आता विचार करू.

कोकणात मृगाच्या सुमारास कोय-कलमांसाठी पिशव्या भरण्याची लगबग सुरू होते, तेव्हा शेणखत जितके अधिक घालावे तितके रोप जोमदार होईल, या समजुतीने पुष्कळ बागायतदार हात सैल सोडतात. त्यामागील माया मला समजते, परंतु ती वेळेआधी खर्ची पडते. आंब्याच्या कोयीत दोन जाड बीजदलांच्या रूपाने पहिल्या कित्येक दिवसांची शिदोरी निसर्गाने आधीच बांधून दिलेली असते, आणि तांबूस कोंभावर कलम बांधण्याचा काळ, म्हणजे रोप दहा-पंधरा दिवसांचे होण्याचा काळ, त्या शिदोरीवरच निभावतो. अंकुरत्या कोयीची निकड असते ती ओलाव्याची आणि प्राणवायूची. पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असल्यामुळे, ज्या मातीची सर्व छिद्रे पाण्याने भरली, तीत कोय गुदमरून कुजते. त्यातच शेणखत कच्चे असेल, तर उरलासुरला प्राणवायू कुजविणारे सूक्ष्मजीव घेतात, आणि हुमणीच्या अळ्या पिशवीत येण्याची भीती राहते ती निराळीच.

शेतात उत्तम ठरलेली माती पिशवीत चिखल का होते, याची खातरजमा घरी करून पाहता येते. विटेच्या आकाराचा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरावा, ठिबकणे थांबू द्यावे, आणि मग तोच उभा करावा : पाणी पुन्हा ठिबकू लागते. शेतात वरच्या थरातले पाणी खालची माती ओढून घेते. पिशवीत माती तळाशीच संपते, आणि छिद्र असूनही तळचा काही बोटांचा थर पाणी सोडीत नाही. त्या थराची जाडी मातीच्या कणांवर अवलंबून असल्यामुळे उथळ पिशवीत मुळांच्या वाट्याला कोरडी, हवेशीर जागा फारच थोडी उरते. निचऱ्यासाठी तळाशी खडे पसरण्याची वहिवाट म्हणूनच मला अमान्य आहे. त्यामुळे तो ओला थर नाहीसा न होता खड्यांच्या वर चढतो, मुळांच्या अधिक निकट येतो. खरी तजवीज म्हणजे नदीची भरड वाळू सबंध मिश्रणातच मिसळणे. बारीक वाळू मात्र छिद्रे बुजविते.

पपईचे प्रकरण वेगळे. तिच्या चिमुकल्या बीजाजवळ शिदोरी अल्प, आणि भोवतालचे बुळबुळीत आवरण अंकुरणास प्रतिबंध करणारे, म्हणून ते राखेने चोळून धुवावे लागते. उगवलेले रोप जमिनीलगत कोलमडते ते मातीतील बुरशीमुळे. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडच्या जॉन इन्स संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी वाफेने निर्जंतुक केलेली पोयट्याची माती दोन भाग, पीट एक भाग व वाळू एक भाग, असे बीजपेरणीचे मिश्रण ठरविले. प्रत्येक रोपासाठी स्वतंत्र मिश्रण करण्याची माळ्यांची जुनी पद्धत त्यामुळे अनावश्यक ठरली.

पीटची जागा आपल्याकडे काथ्याच्या भुशाने घेतली आहे. स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरूनही तो मोकळा राहतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु सोडणे खाऱ्या पाण्यात भिजविलेली असतील, तर भुशात क्षार साठतात, आणि न कुजलेला भुसा कुजताना नत्र ओढून घेत असल्याने रोपे पिवळी पडतात. तो कुजवून, गोड्या पाण्यात वारंवार भिजवून निथळावा. चहासारखे तांबूस पाणी फिकट होईपर्यंत धुणे थांबवू नये.