सामायिक कार्यालयाची निवड

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर दसऱ्याच्या सुमारास गाव सोडण्यापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतो. फड न पाहताच तो हंगामभर बांधला जातो. याच जिल्ह्यातून पुण्यास जाऊन संगणकावर दूरस्थ काम करणाऱ्याची स्थिती अर्थातच निराळी. येथे पैसा त्यालाच द्यावयाचा असतो. तथापि 'को-वर्किंग' जागेची अनामत न पाहता भरल्यास बंधन तेच. म्हणून प्रथम एका दिवसाचे शुल्क देऊन, तेही गर्दीच्या वेळी, तेथे काम करून पाहावे. वीज गेल्यास जनित्र किती वेळात सुरू होते, इंटरनेटची दुसरी जोडणी निराळ्या कंपनीची आहे काय, संभाषणास बंद खोली मिळते काय, हे तपासावे. खुर्च्यांची शोभा दुय्यम होय. अनामत परत मिळण्याची अट मात्र लेखीच घ्यावी.