तण दिसत नाही, मग फवारणी कशावर?

दुसरबीडच्या शिवारात सोयाबीन पेरलं की ४८ तासांच्या आत पाठीवर पंप चढतो. रान अजून काळंभोर, तणाचा पत्ता नाही. फवारा पडतो तो मातीवरच. पेंडीमिथॅलिन हे तणनाशक मातीच्या वरच्या पातळ थरात चिकटून बसतं. तणाचं बारीक बी तिथंच रुजतं. औषध कोवळ्या मुळा-कोंबांतल्या पेशींची विभागणी रोखतं आणि तण वर येण्याआधीच खुंटतं. सोयाबीनचं बी ३ ते ५ सेंटिमीटर खाली असतं. टपोऱ्या दाण्यातल्या शिदोरीवर त्याचा कोंब तो थर झटकन ओलांडतो. ओल मात्र हवीच. कोरड्या ढेकळांवर फवारणं म्हणजे पैसे मातीत घालणं! फवारताना मागे सरकत जावं, म्हणजे पावलांनी थर मोडत नाही. हराळी, लव्हाळ्याला मात्र या औषधाचं काही वाटत नाही. ती काड्या-गाठींतून फुटतात. तिथं खुरपंच लागतं.