कोलंबियांतील तीन वर्षें

परदेशीं जाऊन विद्या संपादन करून आलेल्या मनुष्याकडे पाहतांना लोकांचें लक्ष बहुधा त्याच्या नांवापुढील पदव्यांकडे जातें. परंतु परक्या देशांत राहिल्यानें मनावर जो संस्कार होतो, तो कोणत्याही प्रमाणपत्रांत नोंदलेला नसतो. तो संस्कार कोणता, आणि तो घेऊन स्वदेशीं परतणाऱ्याला कशाला तोंड द्यावें लागतें, हें समजून घेण्यास डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या अमेरिकेंतील विद्यार्थिदशेइतकें बोलकें उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल.

आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले, तेव्हां त्यांचे विषय इंग्रजी व फारसी हे होते. संस्कृत शिकण्याची त्यांना फार इच्छा होती. परंतु अस्पृश्य विद्यार्थ्यास ती भाषा शिकविण्यास शाळेंतच नकार मिळाल्यामुळें त्यांना फारसीकडे वळावें लागलें. फेब्रुवारी १९१३ मध्यें त्यांचे वडील रामजी सुभेदार निवर्तले आणि घराचा मोठा आधार तुटला. याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं कांहीं होतकरू विद्यार्थ्यांना अमेरिकेस पाठविण्याचें योजिलें. ४ जून १९१३ रोजीं आंबेडकरांनीं करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षें मिळावयाची आणि परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावयाची, असा तो करार होता.

जुलै महिन्यांत ते न्यूयॉर्कला पोहोंचले. कोलंबिया विद्यापीठ त्या शहराच्या मॅनहॅटन बेटावर, मॉर्निंगसाइड हाइट्स नांवाच्या उंचवट्यावर वसलेलें आहे. प्रथम ते विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहांत उतरले; पण तेथील अर्धवट शिजविलेलें अन्न व गोमांस त्यांना रुचेना. म्हणून जवळच ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मॉपॉलिटन क्लबांत त्यांनीं बिऱ्हाड हलविलें. तेथें आणखी कांहीं हिंदी विद्यार्थी राहत होते. पुढें लिव्हिंग्स्टन हॉलमध्यें नवल भाथेना या पारशी विद्यार्थ्याच्या जोडीनें ते राहूं लागले. तेथें जडलेला स्नेह आयुष्यभर टिकला.

वसतिगृह, भोजनाचें टेबल, खोलींतील सोबती, या गोष्टी इतर विद्यार्थ्यांना क्षुल्लक वाटतील. परंतु साताऱ्याच्या शाळेंत याच विद्यार्थ्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळें बसावें लागत असे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. शिपाई असेल व तो नळ सोडील तरच पाणी मिळे, नाहीं तर तसेंच राहावें लागे. अशा तरुणाला सर्वांबरोबर एका टेबलाशीं बसणें, एका खोलींत राहणें आणि ग्रंथालयांत हवें तें पुस्तक हातीं घेणें हें सहज घडूं लागलें. अमेरिका कांहीं समतेचें माहेरघर नव्हती. तिच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या शाळा निराळ्या आणि आगगाडींतील जागाही निराळ्या होत्या. परंतु हिंदुस्थानांतून आलेल्या विद्यार्थ्याची जात तेथें कोणाला ठाऊक नव्हती व ती विचारण्याचें कोणाला कारणही नव्हतें.

शिक्षणाची पद्धतही आपल्याकडच्याहून वेगळी होती. त्या काळीं आपल्याकडे नेमलेलीं पुस्तकें वाचावयाचीं आणि ठरलेल्या दिवशीं परीक्षेस बसावयाचें, असा क्रम असे. कोलंबियाच्या वरच्या वर्गांत विद्यार्थी एक मुख्य विषय धरी; पण त्याच्या शेजारच्या शास्त्रांतील अभ्यासक्रमही स्वतःच्या जिज्ञासेप्रमाणें निवडी. आंबेडकरांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. त्यांनीं अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा एकेक. एवढ्या आंकड्यांवरूनही त्यांच्या ज्ञानाच्या भुकेची कल्पना येते. राजस्वाचे अभ्यासक एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, इतिहासकार जेम्स शॉटवेल व जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्यासारखे गुरु त्यांना लाभले. शिष्यवृत्तींतून कांहीं रक्कम घरीं पाठवावी लागे. म्हणून खाण्यापिण्यांत काटकसर करून ते दिवसांतील बहुतेक वेळ अभ्यासांत घालवीत. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मात्र त्यांनीं सुमारें दोन हजार ग्रंथ जमविले. १९१५ सालीं ते एम. ए. झाले.

या शिक्षणाचें खरें फळ ९ मे १९१६ रोजीं दिसलें. अमेरिकेंतील विद्यापीठांत 'सेमिनार' नांवाची एक प्रथा आहे. तींत थोडे विद्यार्थी अध्यापकासह एकत्र बसतात. एकानें निबंध वाचावयाचा आणि इतरांनीं त्याची चिकित्सा करावयाची. मानववंशशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्यें आंबेडकरांनीं हिंदुस्थानांतील जातींची घटना व उत्पत्ति या विषयावर निबंध वाचला. त्यांचा सिद्धांत असा कीं, जातीचें मर्म जातींतल्या जातींत विवाह करण्याच्या बंधनांत आहे. हें बंधन टिकवावयाचें तर समूहांतील स्त्रीपुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे. पति वारला कीं स्त्री 'अधिक' होते. पत्नी वारली कीं पुरुष 'अधिक' होतो. सतीची चाल, सक्तीचें वैधव्य आणि बालविवाह या रूढि हा तोल सांभाळण्याचे उपाय होत, असें त्यांनीं मांडलें. ज्या संस्थेनें त्यांना गोणपाटावर बसविलें, तिच्याविषयीं त्यांनीं येथें आक्रोश केला नाहीं. एखाद्या शास्त्रज्ञाप्रमाणें तिचे सांधे मोकळे करून दाखविले. वय अवघें पंचवीस वर्षांचें! पुढील वर्षीं हा निबंध 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

जून १९१६ मध्यें ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें तेथील अभ्यास अर्धवट टाकून ऑगस्ट १९१७ मध्यें त्यांना परतावें लागलें. करार पाळण्यासाठीं ते सप्टेंबरांत बडोद्यास रुजू झाले. चार वर्षें परदेशीं राहून आपण अस्पृश्य आहों ही जाणीव त्यांच्या मनांतून पार पुसली गेली होती. ती बडोद्याच्या स्टेशनावर उतरतांच पुन्हां जागी झाली, कारण उतरावें कोठें हाच प्रश्न पडला. अखेर पारशी नांव धारण करून त्यांनीं एका पारशी खाणावळींत जागा मिळविली. कचेरींत शिपाई कागद दुरून टेबलावर फेकीत आणि पिण्याचें पाणीही मिळण्याची पंचाईत असे. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेला जमाव दाराशीं आला आणि खोली सोडण्याचें फर्मान सुटलें. एका हिंदु व एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला. दोघांनींही कांहीं ना कांहीं अडचण सांगितली. न्यूयॉर्कला ज्याचा जिवलग सोबती पारशी होता, तो पदवीधर रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत बागेंत बसून राहिला.

या प्रसंगावरून परदेशच्या शिक्षणाची मर्यादा आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी कळतात. विद्येनें मनुष्य बदलतो. पण त्याच्या गांवाचा पाणवठा आपोआप खुला होत नाहीं. मात्र जो एकदां सर्वांच्या बरोबरीनें बसला, त्याला पुन्हां वेगळें बसविणें ही दैवाची नव्हे, माणसांनीं केलेली व्यवस्था आहे हें उमजतें. आणि माणसांनीं केलेलें माणसांना मोडतांही येतें.

२० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी हजारों अनुयायांसह आंबेडकरांनीं ओंजळींत घेतलें. त्याच वर्षींच्या जून महिन्यांत कोलंबिया विद्यापीठानें त्यांना पीएच. डी. ही पदवी रीतसर अर्पण केली. आणि ५ जून १९५२ रोजीं, ते स्वतंत्र भारताच्या घटनेचे शिल्पकार म्हणून विख्यात झाल्यावर, त्याच विद्यापीठानें त्यांना सन्मानाची एलएल. डी. पदवी दिली. पदव्यांची नोंद विद्यापीठाच्या दप्तरांत आहे. कोलंबियांतील तीन वर्षांची खरी नोंद महाडच्या तळ्यावर झाली.