नालायक, बेपर्वा आणि तिसरीचा गृहपाठ

तिसरीतल्या आमच्या धाकटीला गृहपाठ होता : शब्दाच्या आधी उपसर्ग लावून विरुद्धार्थी शब्द लिहा. शक्य, हजर, पसंत, न्याय, शिस्त. तिने लिहिलं : बेशक्य, नाहजर, अपसंत, बेन्याय, बेशिस्त. पाचातला एकच बरोबर. तिला धीर यावा म्हणून आम्ही विचारलं, "बरं, 'ना'ने सुरू होणारे शब्द येतात तुला?" तिने एका दमात सांगितलं, "नालायक, नादान, नाफरमान." आणि 'बे'चे? "बेशिस्त, बेपर्वा, बेअक्कल, बेशरम."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. हे शब्द तिने पुस्तकातून उचलले नव्हते. कधी दूध सांडलं म्हणून, कधी नमाजच्या वेळी दंगा केला म्हणून, आमच्याच तोंडून ते तिच्या कानावर पडले होते. सूरह अल्-हुजुरातच्या ११व्या आयतीत एकमेकांना वाईट नावं ठेवू नका अशी ताकीद आहे. दर्समध्ये ती ऐकताना शेजारीपाजारी, नातेवाईक आठवतात. आपली ८ वर्षांची मुलगी आठवत नाही.

मग ठरवलं, हा धडा आपणच नीट शिकवायचा.

पहिली गोष्ट ही की तिच्या चुका अडाणीपणाच्या नव्हत्या. शब्दाच्या पुढे काहीतरी लावलं की अर्थ उलटतो, हे तिला कळलं होतं. अडत होतं ते कोणाची कोणाशी जोडी जमते यावर. संस्कृतातून आलेल्या शब्दांना 'अ' लागतो : अन्याय, अशक्य. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर 'अन्' : अनादर, अनावश्यक. 'अनेक' म्हणजे अन् अधिक एक, एक नव्हे ते, हे सांगितल्यावर तिला फारच गंमत वाटली. 'बे' आणि 'ना' फारसीतले, 'गैर' आणि 'ला' मुळात अरबीतले. हा इतिहास या वयात पाठ करून घेण्यात अर्थ नाही. शब्द वाक्यात पुन्हा पुन्हा ऐकला की कान तयार होतो.

म्हणून आम्ही स्वयंपाकघरातून सुरुवात केली. वरणात मीठ नाही, चव गेली : बेचव. 'बे' म्हणजे 'शिवाय'. तो बहुतेक वेळा वस्तूच्या किंवा गोष्टीच्या नावाला लागतो : बेघर, बेसूर, बेफिकीर. 'ना' म्हणजे सरळ 'नाही', आणि तो बहुधा गुण सांगणाऱ्या शब्दाला लागतो : नाखूष, नापसंत. 'नाइलाज'सारखे अपवाद आहेतच, पण ते नंतर.

'गैर'पाशी मात्र दोन संध्याकाळी गेल्या. गैरहजर म्हणजे हजर नसलेला, हे सोपं. मग गैरसमज म्हणजे समज नसणं का? तिने तसंच सांगितलं. नाही. समज असते, पण चुकीची. गैरवापर म्हणजे वापर न करणं नव्हे, भलताच वापर करणं. पट्टीने रेघ मारणं वापर, त्याच पट्टीने भावाला मारणं गैरवापर. हे उदाहरण तिला लगेच पटलं, भावाला जास्तच.

मग खेळ सुरू झाला : खरा 'बे' कोणता, खोटा कोणता? बेदाण्यातला खरा, कारण त्यात दाणा म्हणजे बी नाही. बेसनातला खोटा, कुठला 'सन' काढून बेसन होत नाही. दादी म्हणाल्या, "और बेगम? जिसको गम नहीं!" सगळे हसले. पण तो शब्द तुर्की 'बेग'चं स्त्रीलिंगी रूप आहे, गमाशी त्याचा संबंध नाही. "मुझे पता था," दादी म्हणाल्या. 'लाचार'मधला चारा गुरांचा नव्हे, उपाय या अर्थाचा, हेही त्यांनीच सांगितलं : "अब क्या चारा है" हे घरात रोज ऐकू येतं. 'ला' तर मुलं कलम्यापासून ओळखतात, तोच पहिला शब्द.

एक प्रश्न तिने अचानक विचारला. वर्गात कोणीतरी म्हणालं होतं की तुमच्या घरचं मराठी खरं नाही. आम्ही तिला गैरसोय हा शब्द दाखवला. 'सोय' मराठी, 'गैर' अरबी, आणि हा शब्द महाराष्ट्रातलं कुठलं घर वापरत नाही? बेचवही तसाच. कवी माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोशच तयार केला. आणि देणंघेणं एकतर्फी नाही : आपल्या दख्खनीतला 'नक्को' मराठीच्या 'नको'तूनच आला. हे ऐकून ती दिवसभर "नक्को, नक्को" करत फिरली.

आता फ्रिजवर एक कागद लावला आहे. त्यावर फक्त असे शब्द लिहायचे, ज्यांत नकार आहे पण ऐकणाऱ्याला बरं वाटतं. लाजवाब, बेमिसाल, बेधडक, निर्दोष, अमर, बेशक. दादींनी 'बिनचूक' सुचवला. नालायक, बेशरम त्या कागदावर चालत नाहीत. बोलण्यातून ते पूर्ण गेलेत असं म्हणणार नाही. परवा तिच्या अब्बांच्या तोंडून 'बेअक्कल' निसटलाच. तिने पेन्सिल त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "अब्बा, कागदावर एक चांगला लिहा." त्यांनी लिहिला. "नाहजर" मात्र ती अजूनही मधूनच लिहिते.