बंद खोलीतला गांजा

गांजा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे महाशिवरात्रीच्या यात्रेतला जटाधारी साधू आणि त्याची चिलीम उभी राहते. नाहीतर बल्लारशाच्या फलाटावर पोलिसांनी पकडलेली, ओडिशा-आंध्राकडून आलेली बेवारस बॅग. पण या वनस्पतीचा आणखी एक अवतार आता आला आहे. तो शेतात नव्हे, तर बंद खोलीत एलईडी दिव्यांखाली वाढतो. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजावरील बंदी उठवली. पुढे २०२४ व २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात 'हायड्रोपोनिक गांजा' वारंवार सापडला, तो याच जातीचा. मातीऐवजी खतपाण्यावर आणि सूर्याऐवजी दिव्यावर पोसलेला.

मध्यंतरी एक माता दवाखान्यात आल्या. मुलगा पुण्याला शिकायला. त्याने मित्रांना पाठवलेला एक फोटो धाकट्या बहिणीच्या मोबाईलवर आला होता. कपाटात जांभळा दिवा आणि त्याखाली बादलीत हिरवेगार रोप. बाईंचा प्रश्न होता, "डॉक्टरसाहेब, ह्या लाईटनं पोराचे डोळे तर खराब नाही होणार ना?" दिव्याची नको, रोपाची काळजी करा, असे मला सांगावे लागले.

दिवा जांभळा का, तर पानांना प्रामुख्याने लाल व निळा प्रकाश लागतो. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे दिवे वीज कमी खातात आणि फारसे तापत नाहीत, म्हणून जे काम पूर्वी मोठ्या खोलीत करावे लागे ते आता कपाटात होते. गांजाच्या झाडाला रात्र मोठी झाली की फुले येतात. शेतात हे ऋतूनुसार घडते, खोलीत ते दिव्याच्या बटणावर घडते. नशा असते ती मादी झाडाच्या फुलोऱ्यात, आणि बी धरले नाही तर ती वाढते. ही युक्ती मात्र जुनी आहे. इंग्रजी अमलात आपला चांदा जिल्हा ज्या मध्य प्रांतात होता, तिथे खंडव्याकडे परवान्याने गांजाची शेती होई व नर झाडे उपटून टाकली जात. बंगालात हे काम करणाऱ्या जाणकाराला 'गांजा डॉक्टर' म्हणत. आमच्या व्यवसायाचा असाही मान!

"आपले आजोबा ओढत होते, त्यांना काय झाले?" हा युक्तिवाद तरुण मुले हमखास करतात. थोडी वाचलेली मुले १८९३-९४ च्या सरकारी आयोगाचा दाखलाही देतात. माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, असे त्या आयोगाने म्हटले होते हे खरे. पण त्या वेळी गांजातले नशेचे द्रव्य मोजताच येत नव्हते. टीएचसी हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे झाले ते १९६४ साली. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ मध्ये त्याचे प्रमाण सरासरी ४ टक्के होते, २०२१ मध्ये ते १५ टक्क्यांवर गेले. निवडक वाणांमुळे ही वाढ झाली आणि टीएचसीला काहीसा आवर घालणारे सीबीडी हे द्रव्य त्या मानाने उरलेच नाही. ताडी आणि कडक दारू यांत जितका फरक, तितका हा समजावा.

परिणाम मेंदूवर होतो आणि विशीतला मेंदू अजून घडतच असतो. युरोपातील शहरे व ब्राझील येथे झालेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. टीएचसी १० टक्के वा अधिक असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांमध्ये, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, गंभीर मनोविकाराची शक्यता जवळजवळ पाचपट आढळली. असा रुग्ण संशयी होतो, कानात आवाज येतात म्हणतो, रात्रभर जागतो. आपल्याकडे त्याला 'बाहेरचे लागले' म्हणून आधी भगताकडे नेतात आणि दोन-चार मोलाचे महिने वाया जातात. घरात कोणाला असा आजार असेल तर धोका आणखी वाढतो.

दुसरे लक्षण पालकांना माहीतच नसते. वर्षानुवर्षे रोज गांजा ओढणाऱ्या काहींना थांबता न थांबणाऱ्या उलट्या होतात आणि बरे वाटते ते फक्त कढत पाण्याच्या आंघोळीने. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, जवान मुलगा दिवसातून चार वेळा गरम पाणी मागत असेल तर नुसती ॲसिडिटी समजून गोळ्या देत बसू नये. शरीरातले पाणी कमी होऊन मूत्रपिंडावर ताण येतो. सलाईन लागते, आणि गांजा सुटल्याशिवाय हा आजार जात नाही.

कायद्याबद्दलही गैरसमज आहे. गांजा १ किलोपर्यंत सापडला तर तो 'अल्प प्रमाण' धरतात, पण लागवडीला अशी सवलत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार बादलीतले एक रोपही लागवडच, आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. उलट, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, याच कायद्याचे कलम ६४-अ संरक्षण देते.

त्या बाईंना मी सांगितले ते असे. रोप तोडायला लावा, पण मुलाला झोडपू नका. गांजा सोडल्यावर साधारण दोन आठवडे चिडचिड, निद्रानाश व भूक न लागणे हे चालणारच. त्या दिवसांत त्याला एकटा ठेवू नका, शक्य तर गावी आणा. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवता येते. संकोच वाटत असेल तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत आणि मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा वेगळा क्रमांक आहे.