रात्री खुडबुड झाली तर

एकत्र कुटुंबात रात्री भांडं पडलं की आधी चोर आठवतो. पण अब्बा वुजूला उठलेले असतील, रात्रपाळीहून आलेला भाऊ जेवण शोधत असेल. म्हणून अंधारात काठी उगारू नका.

गॅसचा वास येत असेल तर दिव्याचं बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा. वास नसेल तर दिवा लावा, नाव घेऊन हाक मारा, माणसं मोजा. दादी पडलेल्या दिसल्या तर ओढून उठवू नका; मार जास्त असेल तर १०८ ला कळवा. सगळे जागेवर असूनही आवाज थांबत नसेल, तर मुलांसह एका खोलीत कडी लावून बसा आणि ११२ लावा.

रात्री उठणाऱ्यानेही हळूच “मी आहे” म्हणावं.