रेल्वे दारात आहे, मग माल बंदरात ट्रकनेच का जातो?



नांदेड, लातूर, हिंगोली भागात हळद, सोयाबीन, डाळ यांचा धंदा करणारे बरेच जण आता निर्यातीचा विचार करतायत. आयईसी कोड काढला, सॅम्पल पाठवलं, परदेशातल्या खरेदीदाराने होकारही दिला. मग पहिलं कोटेशन हातात येतं आणि प्रश्न पडतो : "गावातून रेल्वे जाते, मुंबईच्या गाड्या रोज सुटतात. मग माझा कंटेनर रेल्वेने का जात नाही?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. पण उत्तर रुळांमध्ये नाही. ते दोन गोष्टींत आहे : गाडी भरणार कोण, आणि गाडीला प्रवेश देणार कोण. या दोन गोष्टी समजल्या की कोटेशन वाचण्याची तुमची नजरच बदलेल.

आधी किलोचा हिशोब

समजा, २० फुटी कंटेनरमध्ये तुमचा २० टन माल बसतो. म्हणजे २०,००० किलो. वाहतुकीत २०,००० रुपये जास्त गेले, तर किलोमागे एक रुपया गेला. घाऊक धंद्यात किलोमागे एक रुपया म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. कधी कधी अख्खा नफा तेवढाच असतो! म्हणून "वाहतूक फॉरवर्डर बघून घेईल" असं म्हणून चालत नाही.

नांदेड ते मुंबई रेल्वेने साधारण ६०० किलोमीटर, लातूरहून साधारण ५०० किलोमीटर. आपला बहुतेक माल जातो तो न्हावा शेवा बंदरात, म्हणजे १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरात. तिथे टर्मिनलपर्यंत रूळ गेलेले आहेत. तरीही या बंदरातले बहुतांश कंटेनर रस्त्यानेच ये-जा करतात. का?

पहिली अडचण : ९० कंटेनरची गाडी

कंटेनरची एक पूर्ण मालगाडी म्हणजे साधारण ४५ वॅगन. प्रत्येक वॅगनवर २० फुटी दोन कंटेनर. म्हणजे एकावेळी ९० कंटेनर! तुमचा महिन्याला एक किंवा दोन. आता सांगा, उरलेले ८८ कोण आणणार?

लातूरकरांनी भरलेल्या गाडीची ताकद स्वतः पाहिलीय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला १० वॅगन, साधारण ५ लाख लिटर. पुढे ५० वॅगनची गाडी येऊ लागली, एका खेपेत २५ लाख लिटर. एवढं पाणी टँकरने आणायचं म्हटलं असतं तर रस्त्यावर रांगच लागली असती. मोठा माल, एकच ठिकाण, पूर्ण गाडी : रेल्वे इथे जिंकते. थोडा माल, दहा ठिकाणं, अर्धी गाडी : इथे ट्रक जिंकतो.

दुसरा धडा याच मार्गावरचा, पण जुना. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. अडीच फुटी रूळ होते. मुंबईकडे जाणारा माल कुर्डुवाडीला उतरवून मोठ्या गाडीत चढवावा लागे. प्रत्येक चढ-उतारीला हमाली, वेळ आणि नासधूस. आता रूळ मोठे झाले, पण हिशोब तोच आहे. कंटेनर ट्रकवरून गाडीवर, गाडीवरून बंदरात, प्रत्येक उचल पैसे घेते. अंतर मोठं असेल तर रेल्वेची बचत हा खर्च भरून काढते. अंतर कमी असेल तर बचत उचलण्यातच संपते.

दुसरी अडचण : प्रवेश कोणाच्या हातात?

भारतात कंटेनर गाड्या चालवण्याचं काम बरीच वर्षं फक्त कॉनकॉर या सरकारी कंपनीकडे होतं. ही कंपनी १९८८ मध्ये स्थापन झाली. २००६ मध्ये रेल्वेने खासगी कंपन्यांना दार उघडलं. पण दाराची फी बघा : दिल्ली परिसर ते न्हावा शेवा मार्ग धरून देशभर गाड्या चालवायच्या तर ५० कोटी रुपये, बाकीच्या गटांसाठी १० कोटी. म्हणजे हा खेळ मोठ्यांचाच. रूळ, इंजिन रेल्वेचं, आणि गाडी ओढण्याचं शुल्कही रेल्वेच ठरवते. ते वजन आणि अंतराच्या टप्प्यांवर असतं.

युरोपात हे वेगळ्या पद्धतीने बांधलंय. तिथे १९९१ पासून रूळ सांभाळणारा आणि गाडी चालवणारा यांचे हिशोब वेगळे करायला सुरुवात झाली. २०१२ च्या कायद्यात बंदरातल्या रेल्वे सुविधांचा स्वतंत्र उल्लेख आहे : त्या सगळ्या रेल्वे कंपन्यांना भेदभाव न करता मिळाल्या पाहिजेत. पुढे २०१७ च्या नियमांनी सुविधेची माहिती, अटी आणि दर आधी जाहीर करणं बंधनकारक केलं. प्रवेश नाकारला तर कंपनी स्वतंत्र नियामकाकडे दाद मागू शकते. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदराचे रूळ बंदर प्राधिकरणाचे आहेत आणि त्यावर अनेक कंपन्यांच्या गाड्या धावतात.

तुम्ही म्हणाल, "सर, हॅम्बुर्गशी माझं काय घेणं-देणं?" घेणं-देणं आहे. युरोपसारखा तक्रार ऐकणारा स्वतंत्र रेल्वे नियामक आपल्याकडे नाही. त्यामुळे गाडी चुकली, कंटेनर पडून राहिला, तर तुमचं संरक्षण म्हणजे तुमच्या हातातला कागद. कोटेशनमध्ये जे लिहिलंय तेच तुमचं. फोनवर "होऊन जाईल" म्हटलेलं तुमचं नाही!

मग आपल्याला कोणते रस्ते आहेत?

नांदेड-लातूरच्या उद्योजकाने तीन पर्यायांची तुलना करावी.

पहिला, थेट ट्रकने न्हावा शेवा. वेळेच्या दृष्टीने सोपा. पण रिकामा कंटेनर बंदराकडून तुमच्याकडे येतो आणि भरून परत जातो. भाडं दोन्ही बाजूंचं असतं, हे विसरू नका.

दुसरा, माल साध्या ट्रकने बंदराजवळच्या सीएफएसमध्ये नेऊन तिथे कंटेनर भरणं. कंटेनर पूर्ण भरत नसेल तर दुसऱ्यांच्या मालासोबत पाठवायलाही हाच मार्ग.

तिसरा, जवळच्या इनलँड कंटेनर डेपोपर्यंत ट्रक आणि पुढे रेल्वे. डेपो म्हणजे जमिनीवरचं बंदर. कस्टम्सची तपासणी तिथेच होते आणि सीलबंद कंटेनर पुढे जातो. छत्रपती संभाजीनगरजवळ माळीवाडा आणि हैदराबादला सनथनगर इथे कॉनकॉरचे डेपो आहेत. देगलूर, उदगीरकडच्यांनी हैदराबादचा हिशोब जरूर करावा. जालन्यात डिसेंबर २०१५ मध्ये ड्रायपोर्टची पायाभरणी झाली. पण एक नियम पाळा : पाटी बघून नाही, गाडीचं वेळापत्रक बघून निर्णय घ्या.

कोटेशन घेताना हे पाच प्रश्न विचारा

१. रिकामा कंटेनर कुठून येणार आणि त्याचं भाडं कोणावर?

२. गाडी ठरलेल्या वारी सुटते की भरल्यावर सुटते? भरल्यावर सुटत असेल, तर जास्तीत जास्त किती दिवस थांबायचं?

३. जहाज बंदरातल्या कोणत्या टर्मिनलला लागणार? न्हावा शेव्यात टर्मिनल अनेक आहेत. कंटेनर चुकीच्या ठिकाणी उतरला तर हलवायचा खर्च कोणाचा?

४. वजन किती धरलंय? रेल्वेचं शुल्क वजनाच्या टप्प्यावर असतं. शिवाय १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही.

५. जहाज चुकलं तर? थांबण्याचं भाडं आणि पुढच्या जहाजाचा खर्च कोण देणार, हे लेखी घ्या.

पाचही उत्तरं ई-मेलवर मागा. मग सगळे आकडे एकत्र करून २०,००० ने भागा. किलोमागचा आकडा जिथे कमी आणि तारीख जिथे पक्की, तो तुमचा मार्ग. कंटेनर निघाल्यावर तो कुठे आहे हे लॉजिस्टिक्स डेटा बँकेच्या संकेतस्थळावर कंटेनर नंबर टाकून बघता येतं. खरेदीदाराला "माल निघालाय" एवढंच सांगण्यापेक्षा "माल इथे आहे" असं सांगा. विश्वास असाच वाढतो.

एकट्याचा एक, दहा जणांचे दहा

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत, लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. म्हणजे शेजारचे दोन जिल्हे, पण दार दोन वेगळ्या कार्यालयांचं. एका कंटेनरसाठी कोणीही दार उघडणार नाही. पण दहा निर्यातदार, दोन शेतकरी उत्पादक कंपन्या, तीन डाळमिलवाले एकत्र येऊन "आमचे दर महिन्याला इतके कंटेनर, या महिन्यांत, या बंदरासाठी" असा कागद घेऊन गेले, तर बोलणं वेगळं होतं. रेल्वेच्या विभागांमध्ये २०२० पासून माल वाहतूक वाढवण्यासाठी व्यवसाय विकास कक्ष आहेत. डिसेंबर २०२१ च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणानुसार खासगी गुंतवणूकदारालाही टर्मिनल उभारता येतं. पण तो गुंतवणूकदार आधी विचारणार : माल किती?

तर या आठवड्याचं काम हे. आपल्या एमआयडीसीत किंवा मोंढ्यात निर्यात करणारे किंवा करू इच्छिणारे पाच जण शोधा. प्रत्येकाचा महिन्याचा माल, हंगाम आणि बंदर एका वहीत लिहा. बेरीज करा. ती बेरीज घेऊन डेपोत आणि रेल्वेच्या कार्यालयात जा. गाडी मागण्याआधी गाडीभर माल दाखवा. बाजारात आपली किंमत अशीच ठरते.